26 जानेवारी, 'व्हॉइस'चं सार्वमत आणि आपण ऑस्ट्रेलियातले मराठी

यारातीर (मेलबर्न)

आमच्या मंडळात यंदाही 26 जानेवारीवरून वाद झाला, म्हणून हा धागा काढतो आहे. आपला तो प्रजासत्ताक दिन. इथे त्याच दिवशी 'ऑस्ट्रेलिया डे'ची सुट्टी असते, कारण 1788 मध्ये त्या दिवशी सिडनीच्या खाडीत ब्रिटिश निशाण रोवलं गेलं. ज्यांची जमीन गेली, त्या ॲबोरिजिनल म्हणजे मूळ रहिवासी लोकांच्या पुढाऱ्यांनी 1938 मध्ये तो शोकदिन म्हणून पाळला आणि आजही त्या दिवशी हजारो लोक निषेधाला रस्त्यावर येतात. आम्ही सकाळी झेंडावंदन करतो आणि लगेच त्याच हॉलच्या मागे ऑस्ट्रेलिया डेचा बार्बेक्यू पेटवतो. सुरुवातीला इथल्या मूळच्या वुरुंजेरी लोकांच्या भूमीला वंदन करणारी दोन वाक्यं वाचतो. गेली तीन वर्षं ती मीच वाचली. यंदा वाचताना घशात अडकली.

त्याचं कारण 14 ऑक्टोबर 2023. नागरिक झाल्यावरचं माझं ते पहिलंच सार्वमत. ॲबोरिजिनल आणि टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरच्या लोकांना राज्यघटनेत मान्यता द्यायची आणि त्यांच्याशी निगडित प्रश्नांवर संसदेला व सरकारला म्हणणं सांगू शकेल असं एक मंडळ, म्हणजे 'व्हॉइस', नेमायचं, एवढाच प्रस्ताव होता. नकाराधिकार नाही, तिजोरीची किल्ली नाही. मंडळाची रचना आणि अधिकार संसदच ठरवणार होती. 2017 मध्ये उलुरूजवळ जमलेल्या त्यांच्याच प्रतिनिधींनी ही मागणी लिहून दिली होती. सुमारे 60 टक्के मतदारांनी ती नाकारली. सहाच्या सहा राज्यांत 'नाही', 'होय' फक्त राजधानीच्या प्रदेशात.

मी 'होय' म्हटलं. माझ्या ओळखीतल्या बहुतेक मराठी घरांनी 'नाही' म्हटलं, आणि सगळ्यात जास्त ऐकलेलं कारण होतं, "हा त्यांचा आपसातला मामला, आपण कशाला पडायचं?" पण मतपत्रिका हातात आली तेव्हा मामला आपलाही झाला होता. या देशाचं पाणी, पगार, पेन्शन घेताना आपण परके नसतो. मग इथल्या हिशेबात मात्र पाहुणे कसे?

रोखठोक (सिडनी)

मी 'नाही' म्हटलं आणि विचार करून म्हटलं. "आपण कशाला पडायचं" हे माझं कारण नव्हतं.

1967 च्या सार्वमतात 90 टक्क्यांहून जास्त लोकांनी 'होय' म्हटलं, ते कशासाठी? लोकसंख्या मोजताना ॲबोरिजिनल लोकांना वगळा, असं सांगणारं कलम काढून टाकण्यासाठी. म्हणजे घटनेतला भेद काढण्यासाठी. 2023 मध्ये जन्मावरून ठरणारं एक मंडळ घटनेत घाला म्हणत होते. जन्मावरून लागलेली पाटी पिढ्यान्‌पिढ्या कशी चिकटते, हे आपल्याइतकं कोणाला माहीत? माझ्या मुलांच्या देशाच्या घटनेत मला ती नको आहे.

आणि 'त्यांचं म्हणणं' एकच होतं असं भासवू नका. विरोधाच्या आघाडीवर सिनेटर जसिंटा नम्पिजिन्पा प्राइस होत्या, स्वतः वार्लपिरी या ॲबोरिजिनल समाजातल्या. ॲबोरिजिनल सिनेटर लिडिया थॉर्प यांनीही 'नाही'च म्हटलं, पण अगदी उलट कारणासाठी: त्यांना सल्लागार मंडळ नको, सरकारशी करार हवा होता. 2022 च्या निवडणुकीनंतर संसदेतल्या 227 जणांपैकी 11 जण या समाजांतले होते, लोकसंख्येच्या प्रमाणापेक्षा जास्तच. आवाज नाही हे कशावरून? एटसिक नावाचं, या समाजांनी निवडून दिलेलं मंडळ 1990 पासून 2005 पर्यंत होतं. त्यानं कोणाचं आयुष्यमान वाढलं?

यारातीर

रोखठोक, 1967 ची अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच सार्वमतानं केंद्र सरकारला ॲबोरिजिनल लोकांसाठी खास कायदे करण्याचा अधिकारही दिला. 'वंश' हा शब्द घटनेत आजही आहे. 2007 मध्ये उत्तर प्रदेशात (आपला नव्हे, डार्विन-ॲलिस स्प्रिंग्जचा) सरकारनं ॲबोरिजिनल वस्त्यांत 'हस्तक्षेप' केला, तेव्हा वांशिक भेदभावविरोधी कायदा बाजूला ठेवून केला. लोकांच्या सरकारी भत्त्याचे अर्धे पैसे कशावर खर्च करायचे तेही वरून ठरलं. लष्कराची माणसं वस्त्यांत आली. वंशावरून कायदा होतोच आहे. फक्त ज्यांच्यासाठी होतो त्यांना विचारलं जात नाही.

एटसिक संसदेनं एका कायद्यानं बनवलं आणि दुसऱ्या कायद्यानं मोडलं. उद्याच्या सरकारला सहज मोडता येऊ नये, म्हणून तर घटनेत घालायचं होतं.

तुमचं म्हणणं खरं आहे की सगळे एकमताचे नव्हते. पण उत्तरेतल्या दूरदूरच्या ॲबोरिजिनल वस्त्यांतले मतदानाचे आकडे बघा. तिथे बहुतेक केंद्रांवर 'होय' भरघोस मतांनी जिंकलं.

वैनगंगा (गडचिरोली)

मी तिथे राहत नाही, पण वीस वर्षं ग्रामसभांबरोबर काम केलं आहे, म्हणून लिहिते. मला दोघांचंही पटत नाही.

घटनेत सल्लागार मंडळ घातलं की काय होतं, ते आपल्याकडे 1950 पासून दिसतं आहे. पाचव्या अनुसूचीत जनजाती सल्लागार परिषद आहे. जास्तीत जास्त 20 सदस्य, त्यातले सुमारे तीन चतुर्थांश आदिवासी आमदार. राज्यपालांनी विषय पाठवला तर सल्ला द्यायचा. गावातल्या कोणालाही विचारा, ही परिषद कधी भेटली का म्हणून. नावही ऐकलेलं नसतं.

फरक पडला तो जमिनीवरचा हक्क मिळाला तेव्हा. 2006 चा वनहक्क कायदा आला आणि 2009 मध्ये मेंढा (लेखा) या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पुढे गावानं आपला बांबू आपण विकला. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर खाण हवी की नको, हे 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ग्रामसभांवर सोपवलं आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी 'नको' म्हटलं. खाण थांबली. सल्ला देऊन थांबली नसती. लिडिया थॉर्प म्हणतात ते मला जवळचं वाटतं. ज्याच्या हातात नकार नाही, त्याला नुसतं बोलू देऊन काय होणार?

स्वाती_पर्थ

वैनगंगाताई, तुमचा मुद्दा इथल्या उदाहरणानं आणखी पक्का होतो, आणि थोडा मोडतोही.

मी खाणींच्याच क्षेत्रात आहे. मे 2020 मध्ये आमच्या पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिल्बरात रिओ टिंटो कंपनीनं लोखंडाच्या खनिजासाठी जूकन दरीतल्या शिलागुहा सुरुंगानं उडवल्या. तिथे माणसाच्या वावराच्या 46,000 वर्षांच्या खुणा होत्या. 4,000 वर्षांपूर्वीच्या, माणसाच्या केसांच्या पट्ट्याचा तुकडा सापडला होता आणि त्यातला डीएनए आज तिथे राहणाऱ्या पुउटू कुंटी कुर्रामा आणि पिनिकुरा लोकांशी जुळला होता. हे सगळं स्फोटाच्या आधी माहीत होतं. लोक बोलत होते, लेखी कळवत होते. पण 1972 च्या राज्य कायद्याखाली कंपनीला 2013 मध्येच परवानगी मिळाली होती, आणि परवानगीविरुद्ध दाद मागायची सोय कंपनीला होती, त्या लोकांना नव्हती.

म्हणजे नकाराचा हक्क हवा, बरोबर. पण त्या धक्क्यानंतर राज्यानं नवा वारसा कायदा केला, तो 1 जुलै 2023 ला लागू झाला आणि शेतकऱ्यांच्या व जमीनमालकांच्या विरोधापुढे पाचेक आठवड्यांत तो मागे घेणार असल्याचं सरकारनं जाहीर केलं. जुना 1972 चाच कायदा दुरुस्त्यांसह परत आला. साध्या कायद्यानं दिलेला हक्क इतक्या लवकर जातो. म्हणून मी 'होय'ला मत दिलं. माझ्या ऑफिसात हे मोठ्यानं म्हणणं सोपं नव्हतं.

वैनगंगा

स्वाती, पाच आठवड्यांचं मला माहीत नव्हतं. आमच्याकडेही मिळालेला हक्क टिकवायला दर वर्षी भांडावं लागतं. कायदा आहे म्हणून निदान भांडता तरी येतं.

रोखठोक

जूकनबद्दल वाचून मलाही लाज वाटली होती. ज्यांच्या नावे जमीन आहे त्यांना कंपनीइतकीच दाद मागता यावी, याला माझा पूर्ण पाठिंबा, कारण तो मालकीचा प्रश्न आहे. 1992 मध्ये माबो खटल्यात इथल्या उच्च न्यायालयानं (हेच इथलं सर्वोच्च) ही जमीन बेवारस नव्हती असं ठरवलं. खटला लढणारे एडी माबो निकालाआधी काही महिने गेले, हे वाचताना वाईट वाटतं. न्यायालयातून, मालकीतून मिळालेलं मला मान्य आहे. घटनेतल्या वेगळ्या मंडळाबद्दल माझं मत बदललेलं नाही.

साउथ ऑस्ट्रेलियानं राज्यापुरतं स्वतःचं व्हॉइस केलं आहे, 2024 मध्ये त्याच्या पहिल्या निवडणुका झाल्या. ते काम करून दाखवू दे, मग बोलू.

आणि यारातीर, 26 जानेवारीला झेंडावंदन 26 लाच होणार, त्यात मी तडजोड करणार नाही. तो दिवस बाबासाहेबांच्या घटनेचा आहे. बार्बेक्यू मात्र दुसऱ्या कुठल्याही रविवारी ठेवा, आमच्या मंडळात मीही तेच सुचवतो.