असेसमेंटमध्ये विचार लिहायचा की नुसतं निदान?

रात्रपाळी
इमर्जन्सीच्या नोट्समध्ये हिस्टरी पानभर, आणि असेसमेंटच्या, म्हणजे डॉक्टरला काय वाटतं आणि का याच्या, जागी काय? 'छातीत दुखणे, ॲसिडिटी. पॅन्टोप्राझोल. डिस्चार्ज.' हृदयाचं काही नाही हे कशावरून ठरवलं? पेशंट रात्री परत आला तर पुढच्याने काय समजायचं? मी असं लिहिते: 'जेवणानंतर जळजळ, चालताना वाढत नाही. ईसीजी नॉर्मल, 0 आणि 3 तासांचं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी) निगेटिव्ह, हार्ट स्कोअर (हृदयाच्या धोक्याचे गुण) 2, म्हणजे कमी. एमआयची (हार्ट अटॅकची) शक्यता कमी. दुखणं अचानक सुरू झालं नाही, पाठीत जात नाही, दोन्ही हातांचं बीपी सारखं. डिसेक्शन (महाधमनीची भिंत आतून फाटणं) संभवत नाही.' याला कितीसा वेळ लागतो?

ट्रॉली_नंबर_बारा
एका पेशंटला लागत नाही. पण कॉरिडॉर भरलेला असताना प्रत्येकासाठी हे लिहायचं म्हणजे शेवटी टेम्प्लेट येणारच. मग मुरगळलेल्या घोट्याच्या नोटमध्येही 'डिसेक्शन संभवत नाही' दिसायला लागतं. शिवाय डिसेक्शनचं नाव घेतलंत आणि सीटी केला नाही, तर वकील विचारणारच, शंका होती तर थांबलात का?

रात्रपाळी
त्याचं उत्तर त्याच ओळीत आहे की! शंका लिहून कारण न लिहिणं हे धोक्याचं. आणि घोट्याला ओटावा नियम (एक्स-रे लागेल का ते ठरवणारा) पुरतो: हाडावर दाबल्यावर दुखत नाही, चार पावलं चालता येतं, म्हणून एक्स-रे नाही. संपलं.

जुना_रजिस्ट्रार
1968 मध्ये अमेरिकन डॉक्टर लॉरेन्स वीड यांनी प्रॉब्लेमनिहाय नोंदीचा आग्रह धरला, 'सोप' नोट (पेशंटचं म्हणणं, तपासणी, असेसमेंट, प्लॅन) त्यातूनच रुजली. इमर्जन्सीत अडचण अशी की पेशंट जाईपर्यंत बऱ्याचदा निदान झालेलंच नसतं. पण रकाना भरायचा म्हणून 'गॅस्ट्रायटिस' लिहिलं जातं आणि पुढचे तीन डॉक्टर तेच उतरवत राहतात. सरळ लिहा: 'पोटदुखी, कारण अजून स्पष्ट नाही.' हे लिहायला एवढं जड का जातं, कोण जाणे.

ट्रॉली_नंबर_बारा
हे मान्य. पण माझ्या मते असेसमेंटपेक्षा जास्त घोळ प्लॅनमध्ये होतो. 'निरीक्षण. रिपोर्ट पाहणे. सर्जरी ओपिनियन.' कोणी पाहायचं? कधी? शिफ्ट बदलली की तो रिपोर्ट कोणाचाच नसतो. मला हँडओव्हरला असं हवं: '9 वाजता मी पुन्हा पोट तपासणार. दुखणं उजवीकडे खाली सरकलं किंवा ताप आला तर सीटी आणि सर्जनला फोन. पोट मऊ असेल, तोंडाने घेतलेलं टिकत असेल तर घरी. उद्या सकाळी पुन्हा दाखवणे.' यात तुमचा सगळा विचार येतो. वर निबंध कशाला?

रात्रपाळी
'उजवीकडे खाली' म्हणजे अपेंडिक्स तुमच्या डोक्यात आहे, ते मला कळतं. पहिल्या महिन्यातल्या इंटर्नला कळेल? आणि पेशंट बाई असेल, तर प्रेग्नन्सी टेस्ट निगेटिव्ह आल्यामुळे एक्टोपिक (गर्भाशयाबाहेरचा गर्भ) मागे पडलं, हे या प्लॅनमध्ये कुठे आहे?

ट्रॉली_नंबर_बारा
टेस्टचा रिझल्ट वर तपासण्यांमध्ये आहे. इंटर्नसाठी हवं तर एक ओळ वाढवतो. एकच.