पप्पा ५८ ला रिटायर होतायत, पीएफ-ग्रॅच्युइटीचे २९ लाख कुठे ठेवायचे?

नाशिकची_पल्लवी

नमस्कार मंडळी. पप्पा सातपूर एमआयडीसीत एकाच कंपनीत ३२ वर्षं आहेत, पुढच्या महिन्यात ५८ पूर्ण म्हणजे रिटायर. पीएफचे साधारण २४ लाख आणि ग्रॅच्युइटीचे ४ लाख ८० हजार, असे मिळून २९ च्या आसपास येतील. पेन्शन ईपीएस-९५ ची (पीएफसोबत असते ती कामगारांची पेन्शन योजना), ती चार-सव्वाचार हजार बसेल असं ऑफिसमधून सांगितलंय. घर स्वतःचं आहे सिडकोत, कर्ज नाही, महिन्याचा खर्च २२ हजारापर्यंत. मम्मी ५४ ची, तिला स्वतःचं काही उत्पन्न नाही. मी पुण्यात नोकरी करते, पैसे पाठवायची तयारी आहे पण पप्पांना ते आवडत नाही, म्हणतात माझं घर माझ्या पैशावर चाललं पाहिजे.

आता रोज घरी नवीन सल्ला येतोय. मोठे काका म्हणतात गावच्या पतसंस्थेत ठेव, ११ टक्के देतात आणि चेअरमन आपल्या ओळखीचे आहेत. बँकेतला एक माणूस घरी येऊन गेला, पाच वर्षं दरवर्षी पाच लाख भरा मग आयुष्यभर पेन्शन म्हणाला, कागद बघितला तर तो इन्शुरन्सचा. आणि पप्पांच्या मनात दहा लाख घालून वरचा मजला चढवायचा आणि भाड्याने द्यायचा असं आहे. मला एफडीच्या पलीकडे फारसं कळत नाही, त्यामुळे ज्यांनी हे घरात केलंय त्यांनी प्लीज नीट सांगा.

निवृत्त_कॅशियर

पल्लवी, पहिलं काम आजच कर. पप्पांना कंपनीकडून रिटायरमेंटचं पत्र मागायला सांग, त्यात नोकरी कधीपासून कधीपर्यंत, पद काय, पीएफ-ग्रॅच्युइटी किती मिळाली हे सगळं यायला हवं. हे का, तर सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीम एरवी ६० नंतर उघडते पण ५५ ते ६० मध्ये रिटायर झालेल्याला त्याच पैशातून आधीच उघडता येते, फक्त पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. तीन महिने गेले की मग साठीपर्यंत थांबा. मी काउंटरवर असताना कितीतरी लोक पत्राविना परत गेलेत, कारण एकदा माणूस गेटबाहेर पडला की ऑफिसवाले पत्राला महिना महिना लावतात.

व्याज ८.२ टक्के, एप्रिल २०२३ पासून हाच दर आहे, आणि ज्या दिवशी खातं उघडाल तो दर पाच वर्षं कायम राहतो, पुढे तीन-तीन वर्षं वाढवता येतं. मर्यादा ३० लाख. व्याज तीन महिन्यांनी सेव्हिंगला जमा. पण मध्येच मोडू नका, वर्षाच्या आत मोडलं तर व्याज काहीच नाही, दोन वर्षांच्या आत दीड टक्का कापतात आणि त्यानंतर एक टक्का, म्हणून सगळे २९ त्यात कोंबायचे नाहीत.

माझा हिशोब असा: २० लाख या स्कीममध्ये, वर्षाला १ लाख ६४ हजार म्हणजे महिन्याला साधारण १३,६६६ पडतात. ५ लाख पोस्टाच्या मंथली इन्कममध्ये मम्मींच्या जोडीने, ७.४ टक्क्याने ३,०८३ दर महिन्याला. पेन्शन धरून २१ हजार होतात. उरलेल्या चारातले दोन एफडीत, लागले की लगेच काढता येतील असे. टॅक्सची काळजी नाही, एवढ्या उत्पन्नावर लागतच नाही, फक्त टीडीएस कापू नका हा फॉर्म दर एप्रिलला विसरायचा नाही. सीनियर सिटिझनचं जॉइंट खातं नवरा-बायकोचंच होतं, त्यात मम्मींच्या वयाची अट नाही, त्यांचं नाव दुसरं टाकाच आणि नॉमिनी पण.

शेवगावची_सून

पतसंस्थेबद्दल मी लिहिते कारण हे आमच्या घरात घडलंय. सासरे एसटीतून रिटायर झाले तेव्हा बरेचसे पैसे एका पतसंस्थेत ठेवले, नाव घेत नाही, तेव्हा तीही इतरांपेक्षा दोन टक्के जास्त देत होती आणि संचालक गावातलेच, रोज भेटणारे. सुरुवातीला व्याज वेळेवर आलं. मग एकदा मुदत संपली म्हणून पावती घेऊन गेले तर रिन्यू करा म्हणाले, पुढच्या वेळी परत तेच, मग शटर अर्धं. ठेवीदारांची समिती झाली, मारुतीच्या देवळात मीटिंगा झाल्या, तालुक्याला सहायक निबंधकांच्या ऑफिसात फेऱ्या, आणि हाताला लागले ते हजार-दोन हजारांचे हप्ते. सासऱ्यांच्या पावत्या अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत कपाटात आहेत. ते कोणाशी बोलत नाहीत त्या विषयावर.

बँकेत निदान पाच लाखांपर्यंत डीआयसीजीसीचा (रिझर्व्ह बँकेच्या ठेव-विमा महामंडळाचा) विमा असतो, व्याजासकट, एका बँकेत एका माणसाला. पतसंस्थेला तो विमाच नाही, एक रुपयाचाही नाही. आणि सहकारी बँकेत ठेवायचं म्हटलं तरी पाचच्या आतच ठेवा, २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांत हजार रुपये काढायची परवानगी होती, लोक औषधाला महाग झाले. चेअरमन ओळखीचे आहेत हे काकांना कारण वाटतंय, पण ओळखीमुळे तर पैसे मागायला जाताना तोंड उघडत नाही.

एसआयपी_आणि_चहा

कॅशियर काकांचा प्लॅन चांगला आहे पण एक गोष्ट राहिली, महागाई. आज २२ हजार लागतात, ६ टक्के धरले तर १२ वर्षांत ४४ हजार लागतील, तेव्हा पप्पा सत्तरचे, मम्मी ६६ च्या. स्कीमचं व्याज तेवढंच राहणार, पेन्शन तर अजिबात वाढत नाही, ईपीएसला महागाई भत्ता नसतो. आणि पप्पांच्या पश्चात मम्मींना त्या पेन्शनची निम्मी मिळेल, म्हणजे दोन हजार शंभर वगैरे. हा आकडा घरात सगळ्यांनी एकदा समोर ठेवून बोला प्लीज.

म्हणून माझं मत, निदान आठ-दहा लाख बॅलन्स्ड किंवा इंडेक्स फंडात (शेअर बाजारात पैसे लावणारे म्युच्युअल फंड) मम्मींच्या नावावर टाका आणि सात-आठ वर्षं बघूच नका. आणि ईपीएसची पेन्शन ५८ ला घेऊ नका, ६० पर्यंत थांबलं तर वर्षाला ४ टक्के वाढवून मिळते.

बँकेतल्या माणसाचा प्लॅन बाजूलाच ठेवा, असल्या पॉलिसीत आकडे टाकून हिशोब केला तर बहुतेक वेळा पाच-साडेपाच टक्केच पडतात. सही झालीच असेल तर पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.

निवृत्त_कॅशियर

पेन्शन थांबवण्याचं गणित मांडून बघा. ४,३०० धरू. दोन वर्षं न घेतल्याने १ लाख ३ हजार सोडले, आणि नंतर वाढ मिळाली महिन्याला ३४४. वर्षाला ४,१२८. सोडलेले भरून यायला २५ वर्षं, म्हणजे पप्पा ८५ चे. घ्या ५८ ला, निवांत घ्या.

पेन्शन इतकी कमी का हे पण सांगतो, पुष्कळ कामगारांना वाटतं कंपनीने फसवलं. पगार कितीही असो, त्या पेन्शनचा हिशोब आधी ६,५०० रुपयांवर आणि सप्टेंबर २०१४ नंतर १५,००० वर होतो, गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. त्यामुळे ३० वर्षं मशीनवर उभं राहिलेल्या माणसाला एवढेच येतात. हे मला अन्यायाचंच वाटतं, किमान पेन्शन २०१४ पासून १,००० वरच आहे.

महागाईचा मुद्दा मान्य. पण दहा लाख फंडात टाकले तर महिन्याच्या खर्चालाच कमी पडतात, हिशोब बघा. मार्च २०२० मध्ये सेन्सेक्स दोन-अडीच महिन्यांत ४१ हजारांवरून २६ हजारांच्या आत आला होता, पप्पांनी आयुष्यात शेअर बघितलेला नाही, घाबरून तेव्हाच काढतील. दोन-तीन लाख ठीक.

एसआयपी_आणि_चहा

पेन्शनचं गणित पटलं काका, मी ४ टक्के एवढंच बघितलं होतं. फंडासाठी दुसरा मार्ग सुचतो, पल्लवी जे पैसे पप्पांना पाठवणार होती आणि ते घेत नाहीत, त्याची तिने मम्मींच्या नावाने एसआयपी करावी, म्हणजे दर महिन्याला ठराविक रक्कम फंडात. महिना चार-पाच हजार. घर पप्पांच्याच पैशावर चालेल आणि पंधरा वर्षांनी मम्मींकडे स्वतःचं काहीतरी असेल. घसरण झाली तरी तिचा पगार चालू असतो, थांबायला त्रास नाही.

नाशिकची_पल्लवी

हे मला खूपच पटलं, पप्पांनाही पटेल असं वाटतंय. पत्राचं त्यांना काल रात्रीच सांगितलं, ते आज अर्ज देणार आहेत. काकांना पतसंस्थेचं कसं सांगायचं ते बघते, सूनबाईंची पोस्ट त्यांना वाचून दाखवणार आहे, चालेल ना ताई? वरच्या मजल्याचं मात्र पप्पांनी फार मनावर घेतलंय. भाडं पाच-सहा हजार येईल म्हणतात.

शेवगावची_सून

दाखवा ना, त्यासाठीच लिहिलंय.

बांधकाम_सातारा

मजल्याबद्दल. दहा लाखांवर पाच हजार भाडं म्हणजे वर्षाला ६ टक्के, त्यातून घरपट्टी, रंग, गळती आणि भाडेकरू बदलताना रिकामे जाणारे महिने वजा करा. स्कीममध्ये तेच दहा लाख ८२ हजार देतात, घरबसल्या. शिवाय दहा लाखांत बसेल असं आज वाटतं पण स्लॅब पडला की मागे फिरता येत नाही, तेरापर्यंत सहज जातं. आणि सिडकोच्या घराला वरचा मजला चढवायला परवानगी आणि पायाची ताकद दोन्ही इंजिनिअरकडून आधी तपासा. भाडं दरवर्षी वाढतं हे खरं, त्यामुळे पप्पांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, पण पेन्शन चार हजार असलेल्या घरात एक तृतीयांश पैसा विटांत अडकवू नये असं मला वाटतं.

अजून एक, मेडिक्लेमबद्दल कोणी लिहिलंच नाही. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम असेल तर शेवटच्या दिवशी संपतो. त्याच विमा कंपनीच्या पर्सनल पॉलिसीत बदलून घेता येतो आणि जुन्या आजारांसाठी आतापर्यंत झालेली वर्षं मोजली जातात, पण त्यासाठी नोकरी संपायच्या आधीच अर्ज टाकावा लागतो. नवीन पॉलिसी घेतली तर शुगर-बीपीसाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लागू शकतं. सप्टेंबर २०२५ पासून पर्सनल हेल्थच्या प्रीमियमवर जीएसटी नाही, तेवढी बचत. आणि महात्मा फुले योजनेत रेशनकार्डवर पाच लाखांपर्यंत ठराविक उपचार होतात, त्यासाठी दोघांची नावं रेशनकार्डात आणि आधारवर सारखीच आहेत का ते बघून ठेव, आमच्याकडे आईच्या नावात एका वेलांटीवरून हॉस्पिटलात अख्खा दिवस गेला होता. पप्पांच्या पत्रासोबत हा मेडिक्लेमचा अर्जही आजच द्यायला सांग.