इस्तंबूलला हेअर ट्रान्सप्लांट: कोणी केलंय का? रविवारच्या आत उत्तर हवंय

निशाचर_म्यु
मंडळी, इस्तंबूलला हेअर ट्रान्सप्लांट करायचं ठरवलंय. क्लिनिकने ४००० ग्राफ्ट (मागून काढून पुढे लावायचे केसांचे पुंजके) सांगितलेत, सफायर एफयूई (एकेक पुंजका सुटा काढून नीलमण्याच्या पात्याने घेतलेल्या छेदात बसवायची पद्धत), २६०० युरो. त्यात तीन रात्री हॉटेल, विमानतळावरून ने-आण, दुभाषा, औषधं, शाम्पू सगळं आलं. रविवारपर्यंत डिपॉझिट भरलं तरच हा भाव. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच लिहा. "टक्कलही छान दिसतं" वगैरे नको.

चहाबाज
वय किती? राहता कुठे? ४००० हा आकडा कोणी काढला, डॉक्टरने की व्हॉट्सॲपवरच्या सेल्सवाल्याने?

फुरसुंगीकर
इस्तंबूल कशाला? मला पुण्यात ग्राफ्टमागे ४५ रुपये सांगितले होते. ४००० चे एक लाख ऐंशी हजार, वर १८% जीएसटी (उपचारांना माफी असते, केसरोपणाला नाही). म्हणजे सव्वादोन लाखांच्या आत. शिवाय काही बिघडलं तर रिक्षाने जाऊन डॉक्टरसमोर बसता येतं. टर्कीला जाऊन कोणाच्या नावाने बोंब मारणार?

खानदेशी_बाणा
फुरसुंगीकर, धागाकर्त्याने पुणे विचारलेलंच नाही. मी दुबईहून इस्तंबूलला जाऊन केलंय, एक नंबर काम. परतताना विमानतळावर डोक्याला काळी पट्टी बांधलेले इतके लोक होते की कोणी कोणाकडे बघत नव्हतं. त्या विमानांना टर्किश हेअरलाइन्स म्हणतात ते उगाच नाही. फक्त एक, तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळाची सूज डोळ्यांवर उतरते, घाबरू नका. मानेखाली उशी घेऊन अर्धवट बसूनच झोपायचं.

फुरसुंगीकर
भोकं कोणी पाडली? डॉक्टरने?

खानदेशी_बाणा
डॉक्टरने कपाळावर रेघ आखली, बाकी टीमने केलं. तिकडे तसंच असतं.

फुरसुंगीकर
झालं!

माईआज्जी
अरे बाळा, माका आणि जास्वंदीचं तेल लोखंडी कढईत कढवून रात्री लाव. आमच्या धाकट्या दिरांचे केस सत्तरीतही काळेभोर होते.

चहाबाज
माईआज्जी, दिरांच्या वडिलांना टक्कल होतं का?

माईआज्जी
नाही बुवा. त्यांचेही दाट होते.

निशाचर_म्यु
इथे तेलाचा धागा नाहीये. वय २५. म्युनिकला असतो. आकडा फोटोंवरून दिला, चार बाजूंनी फोटो पाठवले होते. आता कृपया क्लिनिकबद्दल बोला. आणि हो, व्हिसा लागतो का?

ओसाडगावचा_पाटील
भारतीय पासपोर्ट असेल तर लागतो. पण शेंगेनचा व्हिसा किंवा जर्मनीचा रेसिडन्स परमिट चालू असेल तर ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. अवांतर: शाकाहारी असाल तर मसुराचं सूप सगळीकडे मिळतं, आणि ओर्ताकोयला कुंपीर म्हणून भला मोठा भाजलेला बटाटा मिळतो, त्यात हवं ते भरून घ्यायचं. चुकवू नका.

त्वचा_आणि_बरंच_काही
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, क्लिनिकचं नाव सुचवणार नाही. पण २५ व्या वर्षी ४००० हा आकडा फोटोंवरून कोणी देत असेल तर तिथेच थांबा. डोक्याच्या मागच्या भागातून आयुष्यभरात साधारण सहा हजारांच्या आसपास ग्राफ्ट सुरक्षित निघतात, माणसागणिक कमीजास्त. काढलेला परत उगवत नाही. तुमचं गळणं अजून चालू असणार. आज पुढची रेघ भरली आणि औषध नसलं तर त्या रेघेमागचे तुमचे मूळ केस जातच राहणार. चाळिशीत पुढे ऊसपट्टा, मागे माळरान. तेव्हा भरायला माल शिल्लक नसेल.
फिनास्टराइड, मिनॉक्सिडिल असं केसगळतीचं औषध काही चालू आहे का? घरात कोणाला टक्कल आहे?

निशाचर_म्यु
बाबांना आहे, दोन्ही काकांना आहे. औषध घेत नाही, साइड इफेक्टबद्दल वाचलंय. मला डिसेंबरपर्यंत रिझल्ट हवाय.

चहाबाज
डिसेंबरात काय आहे?

निशाचर_म्यु
लग्न. सांगलीला.

शिकागोची_शुभदा
अय्या, अभिनंदन! मुलीला सांगितलंय ना?

निशाचर_म्यु
तो प्रश्न नाहीये.

त्वचा_आणि_बरंच_काही
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं! आज सप्टेंबर अर्धा संपला. लावलेले केस दोन ते सहा आठवड्यांत गळून पडतात, मुळं आत राहतात. नवीन उगवायला तीन-चार महिने, नजरेत भरायला सहा, पूर्ण दिसायला वर्ष. कधीकधी आजूबाजूचे मूळ केसही धक्क्याने तात्पुरते गळतात. म्हणजे डिसेंबरातल्या फोटोत तुम्ही आजच्यापेक्षा विरळ दिसाल.

फुरसुंगीकर
फेटा बांधणार ना? मग काळजी कसली. ह. घ्या (हलके घ्या).

शिकागोची_शुभदा
पण मुंडावळ्या नेमक्या त्या नव्या रेघेवरच येणार की! ओढल्या गेल्या तर?

त्वचा_आणि_बरंच_काही
तोवर ग्राफ्ट घट्ट बसलेले असतात, मुंडावळ्यांनी काही होत नाही. प्रश्न दिसण्याचा आहे.

शिकागोची_शुभदा
स्वस्तात परदेशी उपचारांचा विषय निघालाच आहे तर सांगते, मी दाताची कामं पुण्याला येऊन करते. इकडे एका रूट कॅनालच्या आणि कॅपच्या पैशांत पुण्याचं तिकीट निघतं. सदाशिव पेठेत ओळखीचे आहेत, कोणाला हवे असल्यास व्यनि (खासगी निरोप) करा.

ओसाडगावचा_पाटील
व्यनि केला आहे.

खानदेशी_बाणा
इथे सगळे घाबरवतात. इस्तंबूलला चांगले डॉक्टरही आहेत, पाहून निवडा एवढंच. तिथल्या आरोग्य मंत्रालयाचं हेल्थ टुरिझमचं प्रमाणपत्र क्लिनिककडे आहे का विचारा. भूल कोण देणार, छेद कोण घेणार, हे लेखी मागा. टाळाटाळ केली तर सोडून द्या. आणि साधा प्रवास विमा ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेतली गुंतागुंत भरून देत नाही, तेही बघा.

फुरसुंगीकर
बरोबर. आपल्याकडेही सगळं आलबेल आहे असं नाही. २०१९ ला मुंबईत एका बैठकीत नऊ हजारांच्या वर ग्राफ्ट लावून घेतलेला एक व्यावसायिक नंतर दगावला. २०२२ ला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला सांगावं लागलं की हे काम प्रशिक्षित प्लास्टिक सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञानेच करावं. पुण्यातही पाटी वाचून आत शिरा.

निशाचर_म्यु
क्लिनिकला विचारलं, फेब्रुवारीत चालेल का. म्हणाले चालेल, पण भाव रविवारपर्यंतच.

खानदेशी_बाणा
तो रविवार दर आठवड्याला येतो. मला दोनदा "शेवटची ऑफर" आली, दुसरी पहिलीपेक्षा स्वस्त होती.

निशाचर_म्यु
बरं. इथल्या त्वचातज्ज्ञाची अपॉइंटमेंट जानेवारीशिवाय नाही. लग्नाला येतोय तेव्हा चार दिवस मोकळे आहेत, पुण्यात कोणाला तरी दाखवता येईल का? नुसतं तपासायला.

चहाबाज
येईल की. पण चार दिवस लग्नाच्या आधीचे की नंतरचे?