जांगडवर गेलेल्या पैठण्यांत भांडवल अडकतंय, बँकेला काय दाखवावं?

नमस्कार मंडळी,

येवल्यात आमचे सहा हातमाग आहेत. दोन घरचे, बाकीच्यांवर विणकर मजुरीनं विणतात. मागणी चांगली आहे, लग्नसराईत माल कमीच पडतो. अडतं ते खेळत्या भांडवलापाशी.

बंगळूरचं रेशीम आणि सुरतेची जर रोखीनं घ्यावी लागते. मजुरी थांबवता येत नाही आणि थांबवूही नये, हातावर पोट असलेल्या माणसानं आपल्या उधारीची वाट का पाहावी? साध्या काठपदराची साडी पंधरवड्यात उतरते. पदरात बांगडी मोर आणि भरगच्च काम असलं की माग दोन-तीन महिने त्याच साडीत गुंततो.

त्यापुढे खरी अडचण. दुकानदार माल जांगडवर नेतात: विकला तर पैसे, नाहीतर साडी परत. परत येते ती घड्या मोडलेली, पदराला हात लागून मळकटलेली. तोवर चार-चार महिने गेलेले असतात. कॅश क्रेडिटच्या, म्हणजे माल आणि येण्यावर बँक देते त्या फिरत्या कर्जाच्या हिशेबात ही साडी कुठेच बसत नाही. बँकेला द्यायच्या मालाच्या यादीत (स्टॉक स्टेटमेंट) धरावी तर ती आमच्या जागेवर नाही, येण्यात (गिऱ्हाइकाकडून यायच्या पैशांत) धरावी तर बिल फाडलेलं नाही. सगळ्यात जास्त माल बाहेर असतो तेव्हाच ड्रॉइंग पॉवर, म्हणजे त्या कर्जातून उचलता येणारी रक्कम, सगळ्यात खाली येते.

लिमिटही तोकडं आहे. बँक वर्षाच्या विक्रीच्या २० टक्के देते. ४० लाखांच्या विक्रीला ८ लाख, वर २ लाख आपले. या हिशेबात पैसा तीन महिन्यांत फिरून येतो असं धरलेलं असतं. आमचा फेरा सहा-सात महिन्यांचा आहे.

लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी आहे. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानं लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. पण मुदत माल स्वीकारल्यापासून मोजायची आणि जांगडच्या मालाचा स्वीकार नेमका कोणत्या दिवशी धरायचा? जीएसटीत तर अशा मालाचं बिल करायला सहा महिन्यांपर्यंत मुभा आहे, दुकानदार तेवढीच ताणतात.

माझ्या मनात आहे ते असं: प्रत्येक जांगड चलनावर दुकानदाराची सही घ्यायची, ३० दिवसांत साडी परत आली नाही तर विक्री झाली असं धरून बिल काढायचं. शिवाय चार माग साध्या काठाला ठेवून भारी पदर फक्त आगाऊ रकमेच्या ऑर्डरवर घ्यायचे.

कुणी अशी मुदत घालून पाहिली आहे का? गिऱ्हाईक तुटलं की टिकलं? चलनावर सही असलेला जांगड माल बँकेनं स्टॉकमध्ये धरला असेल तर कोणते कागद दिले होते? आणि फेरा लांबचा आहे हे दाखवून २० टक्क्यांपेक्षा जास्त लिमिट कुणी मिळवलं असेल, तर मॅनेजरसमोर हिशेब कसा मांडला तेही सांगा. पुढच्या रेशमाची खरेदी तोंडावर आली आहे.