गेममधली राजी ‘मेली’ की ‘बाद झाली’?

गंगाकाठ:
नाशिकच्या एका मासिकासाठी पहिल्यांदाच व्हिडिओ गेमचं परीक्षण लिहिते आहे. वाचक बहुतेक साठीच्या आसपासचे. घरात नातू गेम खेळतो, पण तो नेमकं काय करतो ते कळत नाही, असे. म्हणून ‘राजी’ निवडला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या गेम कंपनीचा, २०२० सालचा. सर्कशीतल्या राजी या मुलीच्या धाकट्या भावाला, गोलूला, असुर पळवतात आणि ती दुर्गेचा त्रिशूळ घेऊन त्याला शोधायला निघते. गोष्ट सांगतात दुर्गा आणि विष्णू. या वाचकांना यातलं काहीच परकं नाही.

अडलंय एका वाक्याशी. मी लिहिलं, ‘पहिल्या मोठ्या लढाईत राजी माझ्या हातून सहा वेळा मेली.’ संपादकांचा फोन आला, लहान मुलगी मेली असं कसं छापायचं? आणि मेली तर लेख पुढे कसा चालतो? त्यांनी ‘पराभूत झाली’ सुचवलं. मला ते पटत नाही. ती कठड्यावरून खाली पडते आणि थोडं मागून पुन्हा उभी राहते, यात पराभव कुठे आला? तुम्ही काय लिहाल?

सिडकोकर:
मेली. दुसरा शब्दच नाही. टीव्हीला जोडायचा गेम होता आमच्याकडे. त्यातल्या कॉन्ट्रा नावाच्या गेममध्ये तीन लाइफ, म्हणजे तीन जीव. दादाच्या तिन्ही संपल्या की तो ‘मी मेलो, घे’ म्हणून रिमोट माझ्याकडे सरकवायचा. आई देवापाशी दिवा लावत असायची. तिथूनच ओरडायची, ‘दिवेलागणीला मरायचं नाव काढू नका!’ मग आम्ही संध्याकाळपुरतं ‘गेलो’ म्हणायचो. तुमच्या संपादकांचं मला म्हणून कळतं, पण शब्द मेलीच.

जुनं नाशिक:
ताई, तुमचे वाचक माझ्याच वयाचे आहेत आणि आम्ही सगळे हुतूतू-कबड्डी खेळलेलो आहोत. ‘बाद झाली’ लिहा. पूर्वी कबड्डीचे तीन प्रकार होते. संजीवनीत समोरचा गडी बाद झाला की आपला बाद झालेला गडी जिवंत होऊन आत यायचा. गामिनीत एकदा बाद तो बाद. अमरमध्ये बाद झाला तरी मैदान सोडायचं नाही, समोरच्यांना फक्त गुण मिळायचा. तुमचा गेम मला संजीवनीच्या जवळचा वाटतो. ‘राजी सहा वेळा बाद झाली, सहा वेळा जिवंत झाली’ असं लिहिलंत तर एका वाक्यात कळेल. ‘जिवंत होणे’ आम्ही मैदानावर रोज म्हणायचो, कुणाला अभद्र वाटलं नाही.

शब्दवेध:
‘बाद’ मुळात अरबीतला, फारसीमार्गे आपल्याकडे आला. म्हणजे तोही परकाच. आपल्या भगूरच्या सावरकरांनी दिनांक, क्रमांक, महापौर दिले आणि ते रुळले. मग गेमच्या परीक्षणात नवा शब्द घडवायची संधी का सोडायची? जिथून खेळ पुन्हा सुरू होतो त्या जागेला ‘पुनरारंभस्थान’ म्हणा. छापत राहिलो की रुळेल.

सिडकोकर:
महापौर रुळला कारण तो रोज पेपरात येतो. पुनरारंभस्थान माझा मुलगा खेळता खेळता कधी म्हणणार? आणि ज्या आजीसाठी लेख आहे, ती तिथे अडखळली की पान उलटेल.

जुनं नाशिक:
शब्दवेध, मैदानावरची भाषा कधी सोवळी नव्हतीच. विटीदांडूत आम्ही वकट, लेंड, मूंड, नाल म्हणायचो. ते तेलुगूतले एक, दोन, तीन, चार. ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. ते गंगेवरच्या, म्हणजे आपल्या गोदाकाठच्या, पोरांच्या तोंडात इतके मुरले की कुणी विचारलंच नाही कुठून आले. पोरं खेळताना शब्द घडवत नाहीत, उचलतात.

शब्दवेध:
उचलतात ते बोलताना, काका. लिहिणाऱ्यानेही नुसतं उचलायचं ठरवलं तर मराठीत नवं कोण घडवणार? माझा मुद्दा तोच आहे, आणि त्यावर मी ठाम आहे.

कॉलेजरोड:
मी काही वर्षं एका साप्ताहिकात नाटकांची परीक्षणं लिहिली, त्यावरून सांगतो. शब्द निवडण्याआधी एक वाचक डोळ्यासमोर बसवा. या लेखात ती आजी आहे. तिला बटणं किती ते नको. नातवाशेजारी बसलं तर काय दिसेल, तो मधेच दात-ओठ का खातो, जेवायला हाक मारल्यावर ‘थांब, इथपर्यंत जाऊ दे’ का म्हणतो, ते सांगा. तो शेवटचा प्रश्न म्हणजेच तुमची पुन्हा सुरू व्हायची जागा. तिथे पोचायच्या आधी उठला तर अर्ध्या तासाची मेहनत जाते. एवढं समजावलंत तर पुढे मेली लिहा नाहीतर बाद लिहा, आजी चुकणार नाही.

गंगाकाठ:
जेवायची हाक नक्की घेते. काल रात्री आत्याला दोन्ही वाक्यं वाचून दाखवली. ‘मेली’वर तिने पटकन वर बघितलं. ‘बाद’वर काहीच नाही, ऐकत राहिली. आता वाटतंय, वर बघायला लावणारा शब्दच हवा का? कारण त्या सहाव्या वेळी मलाही खरंच वाईट वाटलं होतं. उद्या मजकूर द्यायचाय.

निफाडची:
काका, आमच्याकडे वकटनंतर लेंड नाही, रेंड म्हणायचे. नालनंतर आर, मग डोळा. डोळ्याला विटी पापणीवर ठेवायची आणि मान झटकून उडवायची. तुमच्याकडे नालच्या पुढे काय होतं?

जुनं नाशिक:
रेंड? आमच्या गल्लीत लेंडच. आर, डोळा होतेच. पण आर कशावरून उडवायचा, मनगटावरून की कोपरावरून, यावर आमच्या दोन आळ्यांचं कधी जमलं नाही.