अनुभव धागा: समुद्रापार गेलेल्या घराण्याचं मूळ गाव कसं शोधायचं?

सड्यावरून
मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, हे कुठेतरी वाचलं आणि जुना विषय डोक्यात परत सुरू झाला. गिरमिटावर (मुदतीच्या मजुरी करारावर) तिकडे गेलेल्या मराठी माणसांची पाचवी-सहावी पिढी आता कोकणात मूळ गाव शोधत येते. बहुतेक जण चुकीच्या टोकाने सुरुवात करतात, म्हणजे आडनाव हातात घेऊन येतात.

आडनावाचा उपयोग जवळपास शून्य. नोंदीत माणसाचं नाव आणि बापाचं नाव एवढंच असायचं. पुढच्या पिढीला त्यातलंच एक नाव आडनाव म्हणून चिकटलं. 'सखाराम' आडनावाचं गाव रत्नागिरीत शोधून काय मिळणार?

धरायचा तो नंबर. पोर्ट लुईच्या डेपोत (आजचा आप्रवासी घाट, २००६ पासून जागतिक वारसास्थळ) उतरलेल्या प्रत्येकाला, बाईलाही स्वतंत्र, इमिग्रंट नंबर मिळायचा. मुलांच्या जन्माच्या आणि लग्नाच्या सरकारी नोंदींत आईबापांच्या नावापुढे तो येतो. म्हणून आपल्या दाखल्यापासून एकेक पिढी मागे जायचं, नंबर दिसेपर्यंत. मग मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधलं इमिग्रेशन दप्तर. तिथे जहाज, तारीख, वय, उंची, जात, जिल्हा, परगणा, गाव आणि कोणत्या इस्टेटीवर (उसाच्या मळ्यावर) पाठवलं ते मिळू शकतं.

पुढचं तुम्ही लिहा. इकडच्या बाजूचं विशेष.

हातसडी
मधली एक पिढी गाळू नका, आजोबांवरून थेट खापरपणजोबांवर उडी नको. एकाच इस्टेटीवर एकाच नावाची चार माणसं सापडतात, सगळे राम नाहीतर लक्ष्मण. नंबर जुळत नसेल तर तो आपला माणूस नाही, मग नाव कितीही जुळो.

ओटीवर
फोटो मिळतो का पण? लोकांना तोच हवा असतो

सड्यावरून
@ओटीवर काहींचा मिळतो. फोटो काढणं १८६० च्या दशकात सुरू झालं. मुंबईहून गेलेले बरेच जण त्याच्या आधीचे, त्यामुळे असलाच तर उतरतानाचा नसून नंतरच्या तिकिटावरचा (ओळखपत्रावरचा) असतो. 'पंचविशीत गेला आणि फोटोत म्हातारा, म्हणजे भलताच माणूस' असा निष्कर्ष काढू नये.

कागदी होडी
गावाच्या रकान्यात नुसतं 'बॉम्बे' असेल तर ते बंदर समजा. आणि स्पेलिंग डोळ्यांनी वाचू नका, मोठ्याने म्हणा. लिहिणाऱ्याने कानाने ऐकून लिहिलंय. 'रुटनागेरी' म्हणजे रत्नागिरी हे कळतं, पण गावाच्या नावात ळ, ण आणि अनुस्वार हमखास गळतात. तीनचार पर्याय लिहून मगच नकाशा उघडा.

जिल्ह्याच्या हद्दीही आजच्या धरू नका. सिंधुदुर्ग १९८१ चा, त्याआधी मालवण वगैरे रत्नागिरीतच. सावंतवाडी वेगळं संस्थान. एकाच नावाची गावंही पुष्कळ. पाली रत्नागिरीजवळ आहे, रायगडातही आहे. परगणा लिहिलेला असेल तरच निवाडा होतो.

मृगाचा पाऊस
मी वाचतेय फक्त, कुकर लावलाय 😀 कोणीतरी कुलदैवताबद्दल लिहा ना

पाणंद
@मृगाचा पाऊस ताई, कुलदैवताचा धागा कागदापेक्षा कधीकधी पक्का निघतो. तिथल्या मराठी घरांत गोंधळ अजून घालतात. त्यातल्या आवाहनात कोणत्या देवांना बोलावतात ते जसंच्या तसं रेकॉर्ड करून घ्यायचं. तुळजापूर, जेजुरी सगळ्यांच्यात असतात, ती नावं बाजूला ठेवा. एखादं स्थानिक दैवत आलं की कान टवकारा. रवळनाथ, सातेरी असेल तर तळकोकणाकडे बघा, काळकाई-वाघजाई असेल तर खेड-दापोली-महाड पट्ट्याकडे. यावरून गाव ठरत नाही, पण पट्टा कळतो. गावात पोचल्यावर आधी गुरव आणि मानकरी गाठा, तलाठी नंतर. कोणाचं घर कधी बंद पडलं हे देवळात माहीत असतं.

आणि तिथे 'झाकरी' म्हणतात ती आपली जाखडीच, कोकणातला गाण्यावरचा फेराचा नाच. पदं जुनी असतील तर तीही उतरवून घ्या.

ओटीवर
जाखडीतले शक्तीवाले की तुरेवाले, कोणत्या बाजूचे तेही विचारून घ्या, म्हणजे भांडण तिकडेही चालू ठेवता येईल 😂

बोटखत
सातबारा मागत येतात त्यांच्यासाठी. १८५० ला गेलेला माणूस सातबारावर नसणारच. खोती गावं होती, जमीन खोताच्या (गावाचा सारा भरणाऱ्या वतनदाराच्या) नावावर, हा कूळ किंवा मजूर. रत्नागिरीचा खोती कायदा १८८० चा, म्हणजे माणूस गेल्यावर तीस वर्षांनी. शोधायचं ते मागे राहिलेल्या भावाला. बोटखतात (खोती गावाच्या जमिनीच्या नोंदवहीत) कुळांची नावं येतात, तिथे बापाचं नाव जुळतंय का बघा. मग फेरफार, मग जुना गाव नमुना १४ म्हणजे जन्ममृत्यूची नोंद. अर्जात 'आमच्या घराण्याची कागदपत्रं' असं मोघम लिहिलंत की आढळ होत नाही असं उत्तर येतं. नमुना क्रमांक, गाव, वर्षाचा टप्पा, नाव, सगळं लिहा.

शिरोरेषा
जुनी कागदं मोडीत निघतील. सन कोणता ते आधी बघा, गोंधळ तिथेच होतो. शकात ७८ मिळवा, जानेवारी ते पाडवा असेल तर ७९. फसली (महसुली) सनात ५९०, जानेवारी ते मृग ५९१. शुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांतला अरबी सन) असेल तर तसेच ५९९ किंवा ६००. फसलीला शक समजलं की कागद पाच शतकं मागे जातो आणि वंशावळीत नसलेले सरदार घुसतात.

गवतीचहा
नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांचं (यजमानांच्या घराण्यांच्या वह्यांचं) कोणीच लिहिलं नाही? जात, मूळ गाव, आडनाव या तीन गोष्टी सांगितल्या की कोणाकडे चोपडी आहे ते कळतं. गेलेल्या माणसाची नोंद मिळणार नाही, पण मागे राहिलेल्या शाखेतलं कोणी अस्थी घेऊन आलं असेल तर त्याने सांगितलेली नावं तिथे असतात. निघताना आपली शाखा लिहवून या, मुलींची नावंही.

हातसडी
मुलींची 👍 एरवी कोण लिहितं

दूरची भावकी
डीएनए टेस्ट करून सरळ कळणार नाही का? पुतण्या म्हणत होता

कागदी होडी
गाव नाही कळत. चुलत-चुलत नातं जुळू शकतं, पण त्यासाठी गावातल्या भावकीनेही तीच टेस्ट केलेली हवी. कोण करतंय.

दूरची भावकी
बरं. आणि ओसीआयला (परदेशस्थ भारतीय वंशाच्या लोकांच्या कार्डाला) हे कागद चालतात का? सातव्या पिढीपर्यंत केलंय म्हणे

सड्यावरून
हो, मॉरिशससाठी खास तरतूद, मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या दौऱ्यात जाहीर झाली. तिथे भारतातलं गाव सापडण्यापेक्षा मधली साखळी महत्त्वाची. प्रत्येक पिढीचा जन्म आणि लग्नाचा दाखला क्रमाने लावा. दोन दाखल्यांत नावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर ते आधी निस्तरा.

मलिदा
थोडं अवांतर. बेने इस्रायलींच्या (कोकणातल्या ज्यूंच्या) आडनावात गावच असतं, पेणकर, नागावकर, किहीमकर. त्यामुळे इस्रायलहून येणाऱ्यांचं काम सोपं वाटतं. पण पेणकर म्हणजे पूर्वज कधीकाळी पेणचे, शेवटचं घर तिथेच असेल असं नाही. अलिबागकडच्या दफनभूमीत दगडांवर मराठी आणि हिब्रू दोन्ही असतं. सन हिब्रू असेल तर ३७६० वजा करा, त्यांच्या नववर्षापासून डिसेंबरपर्यंतची तारीख असेल तर ३७६१. फोटो सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात काढा. खडू घासू नका, दगड खराब होतो.

मृगाचा पाऊस
मलिद्याची कृतीही द्या की 😀

मलिदा
पोहे भिजवून, ओलं खोबरं, गूळ किंवा साखर, वेलची, सुकामेवा. वर फळं. पोहे जाडे घ्या, पातळ्यांचा लगदा होतो.

ओटीवर
गूळ किसून की पाक करून?