भयपटातली माणसं आवडायलाच हवीत का?

(ही एक चर्चा आहे; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे. रसभंगाची सूचना: जॉज, सायको, टेक्सास चेन सॉ मॅसकर, नाईट ऑफ द लिव्हिंग डेड, एलियन, हेरेडिटरी आणि तुंबाड यांतले महत्त्वाचे प्रसंग, काहींचे शेवटसुद्धा, खाली उघड केले आहेत.)

सावलीपट

माझं मत आधीच सांगून टाकतो. पडद्यावरच्या माणसात जीव अडकला नसेल तर भयपट दचकवेल, पण घाबरवणार नाही.

पाच-सहा तरुणांना गाडीत कोंबून जंगलात नेणारे भयपट घ्या. एक वात्रट, एक भित्रा, एक जोडपं, एक शहाणी मुलगी. विसाव्या मिनिटाला प्रेक्षक मनातल्या मनात क्रम लावायला लागतो, आधी कोण, मग कोण. एकदा क्रम लावायला बसला की तो गोष्टीतून उठून बाहेर आला. मग कितीही रक्त ओता.

याउलट जॉज (1975) या शार्कच्या चित्रपटातला छोटा ॲलेक्स. पाण्यातून आईकडे येतो, आई त्याची सुरकुतलेली बोटं बघते आणि तरी आणखी दहाच मिनिटं देते. जेमतेम अर्ध्या मिनिटाचं काम. पुढे पाणी लाल होतं तेव्हा ती दहा मिनिटं आपल्या छातीवर बसलेली असतात. काळे कपडे घातलेली आई पोलीसप्रमुख ब्रॉडीच्या थोबाडीत मारते तो प्रसंगही त्या अर्ध्या मिनिटामुळेच लागतो.

म्हणून म्हणतो, आपुलकी ही वरची सजावट नव्हे. ती गोष्टीच्या पायाभरणीत हवी.

कडीकुलूप

सपशेल असहमत.

टेक्सास चेन सॉ मॅसकर (1974) मधला कर्क आठवा. त्याच्याबद्दल आपल्याला काय माहीत असतं? जवळपास काही नाही. पेट्रोल मागायला तो एका घरात शिरतो. आत लाल भिंत, तिच्यावर जनावरांच्या कवट्या. तो पुढे धावतो, उंबऱ्याशी अडखळतो, समोर तो धिप्पाड माणूस. हातोड्याचा घाव, झटके देणारे पाय, आणखी एक घाव, देह आत ओढला जातो आणि पत्र्याचं सरकतं दार धाडकन बंद. कॅमेरा लांबच. कर्कची आई, घर, स्वप्नं यातलं काही आपल्या मनात नसतं, आणि तरी ते दार बंद झाल्याचा आवाज विसरता येत नाही.

तिथे भीती येते ती जागेतून आणि वेळेतून. घर शांत आहे, दुपारचं ऊन आहे, इशारा देणारं संगीत नाही, आणि सगळं इतकं झटपट उरकतं की समजायला सवड मिळत नाही. कसायाच्या सफाईने केलेलं काम आहे ते, आणि हीच सफाई भयानक आहे.

तुमच्या ॲलेक्सबद्दलही वाद घालतो. तो प्रसंग चालतो तो ब्रॉडीच्या नजरेवर. तो किनाऱ्यावर बसलाय, समोरून माणसं ये-जा करतात, दर वेळी पाणी झाकलं जातं. दोन-तीन खोट्या हुलकावण्या मिळतात. पाण्यात काठी तरंगतेय, ती आणायला गेलेला कुत्रा दिसत नाही. आईचा अर्धा मिनिट कापा, दुःख कमी होईल. भीती जागेवर राहील.

संकलनखोली

दोघं एकच शब्द दोन अर्थांनी वापरताय असं वाटतं. चित्रपट-अभ्यासक मरे स्मिथ यांनी 1995 साली पात्राशी जुळण्याच्या तीन पायऱ्या वेगळ्या केल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर ओळख, सोबत आणि कौल. ओळख म्हणजे हा कोण ते कळणं. सोबत म्हणजे कॅमेरा कुणाबरोबर फिरतो आणि कुणाच्या मनातलं आपल्याला कळतं. कौल म्हणजे आपण नैतिकदृष्ट्या कुणाच्या बाजूने उभे राहतो. सावलीपट कौलाबद्दल बोलतायत, कडीकुलूप सोबतीबद्दल. भयपटाला दुसरी पायरी लागतेच. तिसरी ऐच्छिक आहे.

सायको (1960) मध्ये हे अगदी जवळून बघता येतं. मेरियनने 40,000 डॉलर चोरलेत. मोटेल चालवणाऱ्या नॉर्मनशी बोलणं झाल्यावर ती तिथल्या खोलीत बसून कागदावर वजाबाकी करते, 40,000 वजा 700, उरले 39,300. गाडी बदलण्यात गेलेले 700 कसे भरून काढायचे याचा हिशेब आहे तो. म्हणजे ती परत जाणार आहे. कागद फाडते, संडासात टाकून पाणी सोडते आणि आंघोळीला जाते. कौल नुकताच पूर्णपणे तिच्याकडे वळलाय आणि दिग्दर्शक हिचकॉक तिथेच तिला मारतो, चित्रपट अर्धाही झालेला नसताना.

आता पुढचं. नॉर्मन फरशी पुसतो, प्रेत गुंडाळतो, गाडी दलदलीत ढकलतो. कितीतरी मिनिटं जवळजवळ संवादच नाही, फक्त एक माणूस नेटाने काम करतोय. गाडी बुडता बुडता मध्येच थांबते. नॉर्मन तोंडातलं चघळणं थांबवून इकडेतिकडे बघतो. आणि आपल्याला वाटतं, बुडू दे बाबा एकदाची! ज्या बाईसाठी काही मिनिटांपूर्वी जीव तुटला तिचं प्रेत लपावं म्हणून आपण श्वास रोखून बसलोय. कौल बदलायला वेळच मिळालेला नाही, बदलली ती फक्त सोबत. पात्र चांगलं असल्याशिवाय ताण येत नाही, या मताला यापेक्षा जोरदार उत्तर मला माहीत नाही.

संकलनाच्या टेबलावर ही सोबत अशी तयार होते: आधी चेहरा, मग तो काय बघतोय ते, मग पुन्हा चेहरा. तिसरा शॉट सर्वात महत्त्वाचा आणि नेमका तोच घाईत कापला जातो. तो दीड-दोन सेकंद जास्त ठेवा, म्हणजे पात्राने काय ठरवलं ते प्रेक्षकाला वाचता येतं. दुसरी नेहमीची चूक म्हणजे दबा धरून बसलेल्याच्या नजरेतून वारंवार शॉट देणं. एकदा दिला तर धोका कळतो. चौथ्यांदा दिला की सोबत शिकाऱ्याची झाली, आणि मग प्रेक्षक सावजाची वाट बघत बसतो. क्रम लावण्याची जी तक्रार वर आलीय, तिचं एक मूळ इथे आहे.

कडीकुलूप

हे विभाजन मान्य. मग माझी बाजू अशी मांडतो: सोबत पुरे, कौल नको.

फक्त दचकण्याला मात्र सोबतही लागत नाही. मोठा आवाज अचानक आला की पापणी सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत मिटायला लागते, तिथे विचाराला जागाच नाही.

संकलनखोली

खरं आहे, पण त्यात दोन गोष्टी विसरू नका. तोच दचका परत परत दिला की शरीर सरावतं आणि प्रतिसाद उतरत जातो. आणि माणूस आधीच धास्तावलेला असेल तर तेवढ्याच आवाजाला तो जास्त जोराने दचकतो. ही धास्ती तयार करायचं काम पुन्हा पात्राकडेच येतं.

सावलीपट

सायकोचा मुद्दा बिनतोड आहे, तो स्वीकारतो. तरीही हेरेडिटरी (2018) चं काय करणार? गाडीत धाकट्या बहिणीचा जीव जातो त्या अपघातानंतर गाडी चालवणारा पीटर मागे वळून बघत नाही. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर थांबतो, मग तो गाडी घरी आणतो, अंथरुणावर पडतो. सकाळी आई गाडीकडे जाते आणि तिची किंकाळी आपण ऐकतो ती पीटरचा चेहरा बघत. पीटर काही गोड मुलगा नाही. पण त्या रात्री त्याच्याबद्दल कणव वाटली नसती तर तो चेहरा नुसता एक चेहरा राहिला असता. सोबतीने तिथवर नेलं, मान्य. पोटात खड्डा पडतो तो कौलामुळे.

पटकथावही

वादात न पडता कागदावरचं बोलतो, कारण कोण बरोबर आहे हे बरंचसं लिहितानाच ठरतं.

आपुलकी निर्माण करायची म्हणून हल्ली सर्रास वापरला जाणारा उपाय म्हणजे भूतकाळातलं दुःख. मेलेलं मूल, गेलेला नवरा, भिंतीवरचा फोटो, खिडकीत उभी राहून रडणारी बाई. हे पाचव्या पानावर येतं आणि नव्वदाव्या पानापर्यंत कशालाच उपयोगी पडत नाही. प्रेक्षकाला वाईट वाटतं, पण त्या वाईट वाटण्याचा दारामागच्या वस्तूशी संबंध नसतो, त्यामुळे भीती तसूभरही वाढत नाही. दुःख द्यायचंच असेल तर ते निर्णय बदलणारं द्या. तिने ते दार उघडलं ते त्या दुःखामुळेच, दुसऱ्या कुणी उघडलं नसतं, इतकं घट्ट.

साधारण शंभर पानांची पटकथा धरली, एक पान म्हणजे अंदाजे एक मिनिट, तर पहिल्या दहा-बारा पानांत तीन गोष्टी दिसायला हव्यात. पात्राला आत्ता, आज काय हवंय. ते हाताने कोणतं काम नीट करतं. आणि ते कशाबद्दल खोटं बोलतं. मधली गोष्ट बहुतेक जण सोडतात. काम नीट करणाऱ्या माणसाकडे बघत राहावंसं वाटतं, तो वाईट असला तरी. दलदलीच्या प्रसंगातला नॉर्मन हेच करतोय.

त्यानंतर सुटकेच्या वाटा मोजा. घरात दोन दारं, एक फोन, एक गाडी असेल तर चार वाटा झाल्या. दर दहा-पंधरा पानांनी एक बंद करा आणि ती पात्राच्या स्वतःच्या कृतीने बंद होऊ द्या. गाडी उगाच सुरू झाली नाही तर प्रेक्षक लेखकावर चिडतो. सकाळी पात्रानेच दिवे चालू ठेवले म्हणून बॅटरी उतरली असेल तर तो हळहळतो. आणि पात्र मूर्खपणा करतं तेव्हा तुटते ती आपुलकी नाही, अंदाज तुटतो. पुढे हा काय करेल याचा अंदाजच येईना, मग कशाची भीती धरायची?

पडताळणी सोपी आहे. कच्ची पटकथा नवख्या वाचकाला द्या, पंचविसाव्या पानावर थांबवा. ‘पात्र आवडलं का’ हे विचारू नका, लोक भिडेखातर हो म्हणतात. ‘आता हा काय करेल आणि का’ एवढंच विचारा. पाचांपैकी चौघांची उत्तरं जवळपास सारखी आली तर पाया बसला. ‘काहीही करेल’ असं उत्तर आलं तर पहिली दहा पानं पुन्हा लिहायची.

तळघर

पटकथावहींच्या मुद्द्याला जोड. नाईट ऑफ द लिव्हिंग डेड (1968) मधला हॅरी कूपर चालत्या प्रेतांनी वेढलेल्या त्या अख्ख्या घरातला सर्वात नकोसा माणूस. भांडखोर, भित्रा, स्वार्थी. त्याचा हट्ट एकच, तळघरात जाऊन दार लावून घेऊ. आपण अर्थात धीट, समंजस बेनच्या बाजूने. शेवटी ती रात्र बेन कुठे काढतो? त्याच तळघरात. नावडत्या माणसाचा सल्ला बरोबर होता हे लक्षात येतं तेव्हाची अस्वस्थता सगळी पात्रं लोभस असती तर आलीच नसती. एलियन (1979) मध्येही तेच. विलगीकरणाचा नियम सांगून रिपली सहकाऱ्यांना यानात घेत नाही तेव्हा ती कोरडी वाटते. ती बरोबर असते.

सहावीखुर्ची

एक छोटी पण नेहमी नडणारी गोष्ट, ओळख. सहा माणसं, अंधार, सगळ्यांच्या हातात सारखीच विजेरी. किंकाळी कुणाची तेच कळलं नाही तर सोबत नाही आणि कौलही नाही. आकृती वेगळ्या ठेवा, आवाज वेगळे ठेवा, अंधारात शिरायच्या आधी नावं दोन-तीनदा हाकेत येऊ द्या.

कडीकुलूप

सावलीपट, तुमच्याकडून तुंबाड (2018) बद्दल ऐकायचंय. विनायक लोभी आहे, खोटारडा आहे, मुलालाही त्याच धंद्यात ओढतो. प्रेमाने बघावं असा माणूसच नाही. तरी विहिरीत दोरावरून खाली उतरून तो पिठाचं रिंगण आखतो तेव्हा तळहाताला घाम येतो. कारण नियम पक्के माहीत आहेत: रिंगणाच्या आत राहायचं, पिठाची बाहुली टाकायची, हस्तर, म्हणजे सोनं राखणारा भुकेला शापित देव, तिच्यावर तुटून पडला की लंगोटातली नाणी काढायची, वर पळायचं. शेवटी बापलेक एका वेळी अनेक बाहुल्या घेऊन उतरतात आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर उभे राहतात. निव्वळ गणित आहे, आणि त्या गणिताने अंगावर काटा येतो.

सावलीपट

गणितापर्यंत तुमच्याबरोबर आहे. विनायकाच्या कामाकडे खिळून बघायला कौल लागत नाही, हे मान्य करतो, आणि माझ्या पहिल्या नोंदीतलं ‘घाबरवणार नाही’ हे विधान त्या प्रमाणात मागे घेतो.

पण त्यानंतर तो त्या बाहुल्या स्वतःच्या अंगाला बांधतो आणि सगळे हस्तर आपल्यामागे ओढून दोरावर चढतो, मुलगा सुटावा म्हणून. तोवरच्या दीड तासात बापलेकाच्या नात्याला जागा दिली नसती तर ही फक्त एक युक्ती राहिली असती, नियम वापरून काढलेली चलाख वाट. खाली मुलगा उभा आहे, म्हणून दोर मध्येच तुटेल की काय याची धाकधूक वाटते.

कडीकुलूप

त्या जागी कौल येतो हे नाकारत नाही. पण तो अगदी शेवटी येतो, आणि धाकधूक रिंगणापासून सुरू झालेली असते. पहिल्या दहा पानांत विनायकाला प्रेमळ बाप केला असता तर आपण रिंगणातल्या नाण्यांकडे त्याच्याइतक्या हावरेपणाने बघितलं नसतं.

पटकथावही

आणि ती हाव आपल्यातही जागी होते, म्हणून बाहुल्या जास्त नेण्याची कल्पना त्या क्षणी आपल्यालाही पटते. पात्राची चूक प्रेक्षकाने आधी स्वतः मनात केलेली असली पाहिजे. हे साधायचं तर चुकीच्या निर्णयाच्या आधीच्या प्रसंगात फायदा डोळ्यांनी दिसायला हवा आणि धोका फक्त सांगितलेला हवा. बहुतेक पटकथांत हे उलट असतं. धोका आधी दाखवून टाकतात, मग पात्र आत का जातंय ते कुणाला पटत नाही.